तेरा नंबर

काकूंना बघायला सर तीनदा आले होते. पहिल्यांदा रीतसर, आईवडिलांना घेऊन. पोहे, चहा, नाव, शिक्षण, सगळं झालं. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा, मामाबरोबर, सकाळी सकाळी. पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा, एकटेच, भर दुपारी, काकू अंगणात ज्वारी पाखडत असताना. काकूंच्या वडिलांना वाटलं, मुलाचं दुसरीकडं कुठंतरी जमतंय आणि तोवर हा इथं वेळ काढतोय. त्यांनी तोंडावरच विचारलं. सर म्हणाले, एका बैठकीत माणसाचं काय कळणार? तिन्ही वेळा सारखंच वाटलं, म्हणून आता होकार आहे.

हे काकू सरांच्या समोरच सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मला मात्र एकदा बघूनच हो म्हणायला लावलं." सर यावर हसायचे नाहीत. गंभीरपणे मान डोलवायचे. "लई मोठी जोखीम घेतली तिनं," म्हणायचे.

सर आमच्या बियाण्याच्या कंपनीत चाचणी विभागाचे प्रमुख होते. नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ऑफिस, मागच्या अंगाला लॅब. मी लॅबमध्ये उगवणशक्ती मोजायचे, म्हणजे ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळून ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं. सरांचं काम त्याच्या पुढचं. नवीन वाण बाजारात न्यायच्या आधी ते खरंच चांगलं आहे का, हे शेतात ठरवायचं. एकच वाण तीन गावांत, प्रत्येक गावी तीन तुकड्यांत पेरायचं आणि शेजारी एक जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं वाण लावायचं. त्या जुन्या वाणाला 'चेक' म्हणतात. नवीन वाण चेकपेक्षा सरस निघालं तरच त्याला नाव मिळायचं. तोपर्यंत शेतातल्या पाटीवर नुसता आकडा, कारण मोजणाऱ्याला नाव कळलं की त्याचा हात त्या बाजूला झुकतो, असं सरांचं म्हणणं.

ऑफिसात ही पद्धत चांगलीच होती. पंचाईत अशी, की सर तीच पद्धत घरीदारी वापरायचे. स्टेशनसमोर नवीन चहावाला आला तेव्हा आम्ही सगळे पहिल्याच दिवशी त्याच्यावर खूश झालो. सर आठवडाभर रोज गेले, कधी सकाळी, कधी चारला, आणि रोज येताना जुन्या टपरीवरही एक कप घेऊन आले. आठव्या दिवशी त्यांना ॲसिडिटी झाली आणि निकाल जाहीर झाला, की फरक न्हाई. राजूरच्या गणपतीला ते दर चतुर्थीला जायचे, पण देवापुढं काही मागायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, मागितलं आणि मिळालं तर ते मागितल्यामुळं मिळालं हे कशावरून? काकू शेजारी उभ्या राहून दोघांच्या वाटचं मागून घ्यायच्या.

मी कॉलेजात एनसीसीत होते आणि तिथं रायफल चालवायला शिकले, हे सरांनी माझ्या अर्जात वाचलं. सहा वर्षांनी वाचलं, पण वाचलं. एका सोमवारी लॅबच्या दारात उभं राहून म्हणाले, "मॅडम, रविवारी क्लबात या. तुम्ही फुकट बसून राह्यल्या." मी फुकट बसलेली नव्हते. घरी तीन वर्षांची मुलगी होती आणि रविवार म्हणजे आठवड्याचं धुणं होतं. तरी गेले.

रायफल क्लब गावाबाहेर, एका टेकाडाच्या पोटाशी. पत्र्याची लांब शेड, समोर पन्नास मीटरवर कागदी टार्गेटं, त्यांच्या मागं मातीचा उंच बांध. एक निवृत्त पोलीस हवालदार सगळा कारभार बघायचे आणि त्यांच्या शिट्टीशिवाय कुणी गोळी भरत नसे. पालथं पडायचं, रायफलीचा पट्टा डाव्या दंडाला आवळायचा, श्वास सोडायचा आणि चाप दाबायचा. इतक्या वर्षांनी ते सगळं अंगाला आठवलं. तासाभरात मला धुण्याचा विसर पडला.

सर स्वतः मध्यम मारायचे. त्यांची खासियत अशी, की दर रविवारी अगदी तेवढंच मध्यम मारायचे. "सारखेपणा बघा," म्हणायचे. आपलं झालं की माझ्या मागं येऊन उभे राहायचे, हात पाठीमागं, बगलेत रजिस्टर.

तिसऱ्या वर्षापर्यंत माझे गुण इतके वाढले की राज्य स्पर्धेत उतरावं असं हवालदार म्हणाले. तिथं ठरलेले किमान गुण मिळाले की राष्ट्रीय फेरीला जाता येतं. मी बत्तीस वर्षांची होते. सासूबाईंनी मुलीला रविवारी सांभाळायचं आणखी एक वर्ष दिलं होतं, आणि "एकच" हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

त्याच वर्षी ट्यूनर आला.

तो आणला आमच्या क्लबातल्या शेठनी. शेठचा सळईचा धंदा, मन मोठं, हौस त्याहून मोठी. त्यांच्या पुतण्यानं परदेशातून आणलेली ती वस्तू म्हणजे मुठीत मावेल असं एक चकचकीत पोलादी नळकांडं. रायफलीच्या नळीच्या तोंडाशी बसवायचं. त्यावर बारीक रेघा आणि आकडे, आणि फिरवलं की आतलं वजन थोडं पुढं-मागं सरकायचं. शेठनी समजावलं ते असं: गोळी सुटताना नळी थरथरते, आणि थरथरीच्या कोणत्या क्षणी गोळी बाहेर पडते त्यावर ती कुठं लागणार हे ठरतं. ट्यूनरचा बरोबर आकडा सापडला की गोळी दर वेळी शांत क्षणालाच बाहेर पडते आणि सगळी भोकं एका जागी येतात.

शेठनी सात नंबरवर पाच गोळ्या मारल्या. पाची भोकं एकमेकांना चिकटली. त्यांनी तो कागद फ्रेम करून शेडमध्ये लावला, फोटो क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि पुढचे दोन रविवार क्लबात दुसरा विषय नव्हता. सरांनी फ्रेमकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाकीचे कागद कुठं हायत?" शेठ म्हणाले, बाकीचे जरा इकडंतिकडं गेलेले होते, ते टाकून दिले. सर कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपाशी गेले, वाकले आणि एकेक कागद काढून गुडघ्यावर सरळ करायला लागले. त्यातही सात नंबर लिहिलेले चार निघाले. भोकं चांगली लांब लांब होती. शेठ पंधरा दिवस सरांशी बोलले नाहीत.

मी मात्र शेठच्या बाजूची झाले होते. त्यांनी ट्यूनर मला वापरायला दिला आणि आकडे बदलत बदलत मला माझा आकडा सापडला. तेरा. तेरावर रायफल कशी माझी वाटायची. पट्टा आवळताना मी मनात तेरा म्हणायचे आणि हात थांबायचा. माझे गुण खरंच वर गेले. घरी मुलीला पाढे शिकवताना तेराचा पाढा मी जरा जास्तच प्रेमानं म्हणायचे.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करू आपण चाचणी."

मी म्हणाले, सर, स्पर्धेचं वर्ष आहे, आत्ता नको. ते म्हणाले, म्हणूनच आत्ता. चुकीच्या गोष्टीवर भरवसा ठेवून तिथं गेल्या आणि तिथं तो तुटला तर? त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर माणसाचा येतो तसा मला त्यांचा राग आला.

चाचणी बियाण्यासारखीच मांडली. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून सरांनी ट्यूनरच्याच वजनाचं, त्याच मापाचं एक मुकं नळकांडं करून घेतलं. त्यात फिरणारं काही नव्हतं. तो आमचा चेक. काकूंनी जुन्या खाकी पँटीच्या दोन सारख्या पिशव्या शिवल्या, कारण नळीवर काय बसलंय हे मला दिसता कामा नये. हवालदारांनी दर वेळी डब्यातून एक चिठ्ठी काढायची. त्यावर तेरा, सात, वीस किंवा चेक लिहिलेलं असे. त्याप्रमाणं आडोशाला जाऊन बसवायचं, पिशवी चढवायची आणि यादी आपल्या कुलपात ठेवायची. मी मारायचं. कागदावर नुसता क्रमांक. संध्याकाळी सर घरी बसून, ज्या व्हर्नियरनं दाण्याची जाडी मोजायचे त्यानंच भोकांमधलं अंतर मोजायचे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मारू का, असं मी विचारलं तर नको म्हणाले. शेतकरी जसा पेरतो तसंच पेरून बघायचं, कुंडीतलं पीक चालत न्हाई.

गोळ्या मोजक्या मिळायच्या, त्यामुळं सगळा हिवाळा गेला. सर रजिस्टरात सगळं लिहायचे: वारा, ऊन, मी काय खाल्लं, झोप किती झाली, शेडमध्ये कोण कोण हजर होतं. एकदा माझं घरी भांडण झालं होतं तेही त्यांनी विचारून लिहून घेतलं. कोणाशी, ते विचारलं नाही. सरांना कापसाच्या प्लॉटसाठी परतूरकडं जावं लागलं की रजिस्टर घेऊन काकू यायच्या. त्या कधी मागं उभ्या राहिल्या नाहीत. माझ्याकडं पाठ करून खुर्चीत मेथी निवडत बसायच्या, आणि येताना धपाटे आणि दह्याचा डबा आणायच्या.

होळीच्या सुमाराला हवालदारांनी कुलूप उघडलं. सरांनी शेडमध्ये सगळ्यांसमोर निकाल वाचला. तेरा, सात, वीस आणि मुकं नळकांडं यांत फरक नव्हता. जो होता तो एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतच्या फरकापेक्षा कमी होता. ट्यूनर काहीच करत नाही असं ते म्हणाले नाहीत. "एवढ्या गोळ्यांत दिसावं इतकं काही करत न्हाई," असं म्हणाले, आणि रजिस्टर मिटलं. शेठ म्हणाले की त्यांच्या रायफलीला तरी सात चालतोच, आणि तसंही दिसायला छान आहे. ट्यूनर त्यांनी काढला नाही. अजूनही आहे.

माझं मात्र बिनसलं. पुढच्या रविवारी पट्टा आवळून मनात तेरा म्हणायला गेले आणि ते म्हणताच येईना. हात थांबेना. भोकं कागदभर पसरली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेठ सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले की सरांनी पोरीचा भरवसा मारला. सर माझ्या मागंच उभे होते. त्या दिवशी रजिस्टर बगलेतून खाली पडलं तरी त्यांच्या लवकर लक्षात आलं नाही.

आता झालं काय, तर सर घरी जाऊन सगळं रजिस्टर पुन्हा घेऊन बसले. ट्यूनरनं फरक पडत नाही हे ठीक, पण काही रविवार इतके चांगले आणि काही इतके वाईट का? तो फरक कशाचा? काकू सांगतात, चार दिवस जेवताना लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी सर ताट पुढ्यात असताना म्हणाले, "धपाटे."

काकू ज्या रविवारी यायच्या ते सगळे रविवार चांगले निघाले होते. सरांचा पहिला संशय धपाट्यांवर. पण सर पद्धत सोडणाऱ्यांतले नव्हते. पुढचे दोन रविवार त्यांनी काकूंना घरी ठेवलं आणि डबा स्वतः घेऊन आले. मला दही-धपाटे खाऊ घातले आणि मागं उभे राहिले. मी वाईट मारलं. त्यापुढचे दोन रविवार काकूंना रिकाम्या हातानं पाठवलं. मी चांगलं मारलं. काकूंना तर या सगळ्याचा उलगडा होत नव्हता. धपाट्यांत काही कमी पडलं का, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

मंगळवारी सर लॅबमध्ये आले. स्टुलावर बसले. हातात एक कागद होता, त्यावर पेन्सिलीनं दोन रकाने.

"मॅडम, एक गोष्ट निघालीये. सांगणं भाग आहे."

मी कागद बघितला. एका रकान्यावर 'मी हजर', दुसऱ्यावर 'मी गैरहजर'. गैरहजरचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, लहान होते. हजरचे मोठे. एकदाही उलट झालेलं नव्हतं.

"ट्यूनरनं फरक पडत न्हाई," सर म्हणाले. "माझ्यानं पडतो. मी मागं असलो की तुमचं बिघडून राह्यलं. सगळा हिवाळा गेला, मला दिसलं न्हाई." मग ते उठले आणि स्टूल जिथलं तिथं ठेवलं. "मी आता येत न्हाई क्लबात. स्पर्धेपर्यंत तर न्हाईच."

समोर ओल्या कागदात शंभर बिया उघड्या पडल्या होत्या आणि मी त्यांच्याकडं बघत बसले. सर गेले.

त्यानंतर माझी नेमबाजी सुधारली. हे सांगताना अजून लाज वाटते, पण सुधारली. तेराची गरज उरली नाही. नळीच्या तोंडाशी मी ते मुकं नळकांडं ठेवलं, कारण हाताला त्या वजनाची सवय झाली होती. रविवारी काकू यायच्या, मेथी निवडायच्या आणि संध्याकाळी सरांना गुण सांगायच्या. ऑफिसात सर मला बघून मान हलवायचे आणि कामाचं तेवढं बोलायचे. त्यांनी क्लबात जायचं सोडलं हे मला एखाद्यानं माझ्यासाठी गाव सोडल्यासारखं लागलं, आणि तरी मी 'या' म्हणाले नाही, कारण मला स्पर्धा हवी होती.

राज्य स्पर्धेला काकू माझ्याबरोबर आल्या. गाडीत त्या सारख्या उठून दाराशी जाऊन येत होत्या. मला वाटलं त्यांना गाडी लागते.

साठ गोळ्या. त्या तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चांगल्या नेमबाजीतलं काही आठवतच नाही. शेवटी पडद्यावर गुण आले तेव्हा मी दोनदा मोजले. किमान गुणांपेक्षा एक जास्त. काकूंनी मला तिथंच मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "आता त्यांना सांगून ये, बाई. सकाळपासून फाटकाबाहेर बसलेत."

सर आमच्याच गाडीनं आले होते, दोन डबे मागं. मला कळलं तर मागं उभं राहिल्यासारखंच होईल म्हणून काकूंना शपथ घातली होती. फाटकाबाहेर एका बुटक्या भिंतीवर ते बसले होते, रेंजकडं पाठ, रस्त्याकडं तोंड. मांडीवर पिशवी. मी समोर जाऊन गुण सांगितले. त्यांनी आकडा पुटपुटून बघितला.

"म्हणजे आमचा निष्कर्ष बराबर होता," म्हणाले. आवाजात आनंद होता, आणि आनंदाशिवाय आणखी काहीतरी होतं.

मी त्यांच्या शेजारी भिंतीवर बसले. हात अजून पट्ट्यानं बधिर होता. मी म्हणाले, "सर, तुम्ही मागं असलात की मला वाटतं, आज यांच्यासमोर चांगलंच मारायचं. म्हणून हात कापतो. दुसरं काही नाही."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"हे रजिस्टरात न्हाई आलं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतं, सर."

मांडीवरची पिशवी सरळ करत त्यांनी विचारलं, "मंग राष्ट्रीय फेरीला मी येऊ का नको?" सरांनी कुठल्याही गोष्टीत दुसऱ्याला असं सरळ विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"या," मी म्हणाले. "बिघडलं तर बिघडू द्या."

सर आले. घरी सासूबाईंना विचारलं तर त्यांनी वर्षाला तीन महिने जोडून दिले. फेरीच्या दिवशी सर तासभर माझ्या मागं उभे होते, हात पाठीमागं, रजिस्टर नाही. माझे गुण राज्य स्पर्धेपेक्षा चारानं घसरले आणि नंबर यादीत इतका खाली लागला की शोधायला वेळ लागला. दोन दिवस मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शेवटची गोळी मारून मी मान वळवली तेव्हा सर माझ्या गुणांकडं बघतच नव्हते. शेजारच्या जागेवरच्या मुलीच्या नळीला एक चकचकीत निळा ट्यूनर होता. सर त्याच्याकडं टक लावून बघत होते आणि तिच्या वडिलांच्या दिशेनं एक पाऊल टाकलंही होतं. मी दंडाचा पट्टा सोडवेपर्यंत काकूंनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला होता.